भट्टीवरची सागवानी तुळई

सकाळी अकरा वाजता माझ्याखाली भट्टी पेटली.

मित्रांनो, मी जुन्या लाकडाची नवी तुळई आहे. मलकापूरची एक कापसाची जिनिंग गिरणी पाडली, तेव्हा तिच्या छपराचं सागवान सरपणात निघालं होतं. इमारतींचे नकाशे करणाऱ्या समताने ते अडवलं. रंगराव मिस्त्रींनी खिळे उपसले, फळ्या रंधा मारून एकीवर एक चिकटवल्या आणि शिकंज्यात आवळल्या. त्यातून मी झाले. माझ्यासारख्या तुळयांवर शेतकरी कंपनीचं पाच मजली ऑफिस उभं करायचं, हे समताचं स्वप्न. नवं झाड तोडायचं नाही, सिमेंट फक्त पायापुरतं.

कंपनीचे अध्यक्ष किसनराव हसले होते. "चूल पेटवाले लाकूड, अन् ऑफिसलेबी लाकूडच? तुळई आगीत टिकली तर बांधू. नाहीतर सिमेंट."

म्हणून ही परीक्षा. माझ्या पाठीवर वाळूची पोती रचलेली होती.

ज्वाळा एकदम भडकल्या. काळाकुट्ट धूर उठला. समता दचकून रंगरावांकडे वळली.

"काका, हिले काय लावलं तुम्ही?"

"इंजिनाचं जळकं ऑइल, पोरी. काल दोन हात मारले. वाळवी लागत नाही. चौकटीले, बैलगाडीले लावतोच ना आपण?"

"अहो, परीक्षा आगीची हाय, वाळवीची नाही!"

"गेली तुमची तुळई," किसनराव मागे सरकत म्हणाले.

मी गेले नाही. तेल जळून सरलं. माझ्या अंगावर कोळशाचा थर धरला आणि तोच माझी ढाल झाला. बाहेर निखारे फुललेले, पण आग आत शिरताना मंदावत गेली. माझं मलाच नवल वाटलं.

तासाभराने आग विझवली. पोती जागची हलली नव्हती. मग मला करवतीने कापलं. काळ्या थराच्या आत सोनेरी लाकूड होतं, आणि सागाचा ताजा वास सुटला. किसनरावांनी हळूच बोट फिरवलं. "आयला, आतून तर कोरी हाय बे!"

पण एका कडेला दोन फळ्यांचा जोड उकलला होता. तेलाच्या भडक्याने, की चिकटवणच कच्चं होतं म्हणून? तपासायला आलेल्या अभियंत्यांना सांगता येईना. त्यांनी ही परीक्षा ग्राह्य धरली नाही.

रंगराव मान खाली घालून उभे होते. समता त्यांच्याजवळ गेली. "चाला काका, दुसरी बनवू. पण काही लावाच्या आधी मले इचारजा."

मित्रांनो, लाकडाची निगा जरूर राखा. पण त्याला कशाला तोंड द्यायचं आहे, ते आधी जाणून घ्या.

दुसरी तुळई आज शिकंज्यात आहे. परीक्षेचा दिवस ठरलेला नाही. किसनरावांनी सिमेंटवाल्याला अजून नकार कळवलेला नाही.