न वाकणारा गुडघा

जयंतीने भिंतीजवळचं स्टूल उचललं आणि दुसऱ्या रांगेत, शुभाच्या सतरंजीशेजारी आणून ठेवलं. त्यावर बसून तिने उजवा पाय समोर लांबवला. बाराव्या वर्षी झालेल्या हाडाच्या क्षयाने तो गुडघा कायमचा सरळ करून ठेवला होता.

"कुणीतरी अडखळेल गं त्या पायाला," शुभा कुजबुजली.

"बघून चाला म्हणावं."

मुलुंडच्या महिला मंडळात भाऊ रोज सकाळी आसनं शिकवत. साठी उलटलेली, कणा ताठ. बायका येण्याआधीच ते खिडकीखाली पद्मासनात बसलेले असत. शेवटी शवासन. त्यातून डोळे उघडले की भाऊ दाराशी हात जोडून उभे.

"जयंतीबाई, स्टूल मागे घ्या."

"मागून दिसत नाही, भाऊ."

"तुम्हाला सांगितलं होतं मी. पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिकं आहेत, पाहुणे येणार. ज्यांना मांडी जमत नाही त्यांनी उद्यापासून येऊ नये. खुर्चीत बसून कुणी योग करतं का?"

"स्टुलावर करते."

कुणीतरी खुदकन हसलं. भाऊ हसले नाहीत.

"राग नाही माझा. पण शरीर वाकायला हवं."

"जे वाकतं ते वाकवतेच. तीन महिन्यांपूर्वी बोटं नडगीच्या मध्यावर थांबायची, आता घोटा चार बोटांवर आलाय. शाळेत तिसऱ्या तासाला कंबर धरायची. आता सहाही तास उभी राहून शिकवते. उद्या मी येणार."

भाऊंनी हात जोडून ओंकार म्हटला. तास सुरू झाला. इतर जणी जमिनीवर वळल्या, तेव्हा जयंती स्टुलाची कड धरून वळली. इतर जणी वाकल्या, तेव्हा तीही वाकली. भाऊंनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"शवासन. डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

बायका आडव्या झाल्या. जयंतीने बसल्या जागी डोळे मिटायचे, असं ठरलेलं होतं. तीन महिने ती मिटत आली होती. आज तिने मिटले नाहीत.

भाऊंनी हातांनी एक पाऊल मांडीवरून उतरवलं, मग दुसरं. दोन्ही तळव्यांवर भार देत ते खिडकीकडे वळले. गज धरला. अर्धे उठले, गुडघे थरथरले आणि ते पुन्हा खाली आले. ओठ घट्ट मिटून थोडं थांबले. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

जयंती उठली. स्टूल उचलून तिने आवाज न करता त्यांच्यापुढे ठेवलं.

भाऊंनी वर पाहिलं.

"डोळे मिटायला सांगितलं होतं," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"ऐकलं मी."

"किती दिवस बघताय?"

"आजच."

त्यांची बोटं गजावर आवळली. "घेऊन जा ते. बायका उठतील आता."

"तुम्ही सांगितल्याशिवाय नाही उठायच्या."

ती हलली नाही. सरळ पाय किंचित बाजूला टाकून उभी राहिली. मागे कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या. शवासन रोजच्यापेक्षा लांबलं होतं.

भाऊंनी गज सोडला. दोन्ही तळवे स्टुलावर टेकले आणि एक पाऊल जमिनीवर रोवलं. कंबर अजून वाकलेली होती, गुडघे अजून सरळ व्हायचे होते. तशा अवस्थेतच, तासाला सूचना देत त्याच आवाजात, ते म्हणाले,

"डोळे उघडा."