पुसेगावात माईक चालू राहिला

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. हिंगोलीकडच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्याला शेषरावांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. तिथल्या पत्र्याच्या पेटीत, वायरींच्या वेटोळ्यांखाली माझा मुक्काम असतो. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. बटण कधी लागतं, कधी लागत नाही.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. जाळीमागे पातळ पडदा बसवला, त्याच्या मागे चुंबक लावलं आणि एका माणसाने "हॅलो, हॅलो" म्हणून मला तपासलं. नव्वदच्या सुमारास शेषरावांनी मला हिंगोलीहून आणलं. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. सुरुवातीला ते मला धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवत. कोणी तोंडाशी फार जवळ धरलं तर म्हणत, "जरा लांब धरा, थुंकी लागते."

मी लग्नं केली, निवडणुका केल्या, हरवलेल्या म्हशी पुकारल्या. पहिली काही वर्षं मला सगळ्याचं नवल वाटे. मग वाटेनासं झालं. नवरीच्या मामाला बोलावताना माझा पडदा जसा हलतो, तसाच मयताची खबर देतानाही हलतो. शेषरावांचा माईक बराबर बोलतो, असं लोक म्हणत. मला त्याचंही काही वाटत नसे.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा एका उन्हाळ्यात सपना दुकानात आली. जवळा बाजार या गावातल्या एका बौद्ध कुटुंबात ती मुलगा म्हणून जन्मली. पण आपण मुलगी आहोत, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. घरात ते कोणाला सोसलं नाही आणि तिला बाहेर पडावं लागलं. गोरेगावात जिवनबाई नावाच्या तिच्यासारख्याच एका म्हातारीने तिला आसरा दिला. दोघी बाजारात टाळी वाजवून मागत आणि एका खोलीत राहत.

त्या वर्षी जिवनबाईला ताप चढला. तिला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जीपा भरत होत्या, निघत होत्या, पण या दोघींना कोणी बसवून घेईना. यांच्या शेजारी बसायला लोक तयार नाहीत, असं ड्रायव्हर सांगत. जिवनबाई तिथेच, जीपच्या थांब्यावर वारली.

हे सांगून झाल्यावर सपना शेषरावांना म्हणाली, "मामा, तुमचा माईक देता का?"

"कशाला?"

"बोलायचं हाय. जयंतीत धम्मानंद गुरुजी बोलू देतो म्हनले."

शेषराव वायर गुंडाळत राहिले. "लोक हसतील, सपना."

"हसू द्या. आता बी हसूनच राहिले."

धम्मानंद गुरुजी गावच्या शाळेत शिकवत आणि जयंतीचा कार्यक्रम तेच बघत. जयंतीच्या दिवशी त्यांनी सपनाचं नाव पुकारलं. तिने मला दोन्ही हातांनी धरलं.

"तुमी आमाला कोन्या नावानं हाका मारता ते मला म्हाईत हाय. माझं नाव सपना. माझी जिवनबाई ताप येऊन मेली. ताप तुमाला बी येतो. मी अशी काहून, हे मला कोनी सांगू शकलं न्हाई. तुमी तसे काहून, हे तुमाला तरी कोनी सांगितलं?"

तिच्या आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता. बाजारभाव सांगावेत तसं ती बोलली. काही जण उठून गेले. मागून कोणीतरी तिच्यासारखी टाळी वाजवून दाखवली. बाकीचे बसून राहिले.

पुढे गुरुजी ओळखीच्या गावांत तिच्यासाठी सभा ठरवू लागले. शेषराव मला आणि भोंग्याला घेऊन बरोबर जात. सपना प्रत्येक गावी तेच सांगे, त्याच आवाजात. लोक त्याच जागी हसत आणि त्याच जागी गप्प होत. एकदा शेषरावांनी विचारलं, "तेच तेच सांगायची तकलीफ होते का गं?"

"न्हाई होत," ती म्हणाली. "म्हनून तर सांगता येतं."

मग पुसेगावची सभा झाली. दुपारची वेळ होती. जवळच्या तांड्यावरचे लोकही आले होते. सपनाचं बोलणं संपलं आणि तिने मला टेबलावर ठेवलं. शेषराव मागे बॅटरी बघत होते. मला बंद करायचं राहून गेलं. लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात तांड्यावरचा बाबूसिंग टेबलापाशी आला आणि खाली बघून बोलू लागला.

"बाई, माझं लेकरू, पेमा, तुमच्यावानीच हाय. बहिनीची वढनी घेऊन फिरतं. मारून पाह्यलं. होळीपासून कडब्याच्या खोलीत कोंडून ठेवलंय. आता काय करू?"

कानात सांगावं तसं त्याने ते सांगितलं. भोंगा लांब लिंबाच्या झाडाला, गावाकडे तोंड करून बांधलेला होता. आपला आवाज गावभर जातोय, हे आपल्याच नादात बाबूसिंगला कळलं नाही. सपनाने हात पुढे करून माझी जाळी झाकली, तोवर सांगून झालं होतं. बाबूसिंगने मान वर केली. सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो तिथेच, टेबलाच्या काठाला डोकं टेकून बसला.

कोणी हसलं नाही. सपनाने माझ्या जाळीवरचा हात काढला. तिचं भाषण तिला पाठ होतं, पण हे त्यात नव्हतं.

बायकांमधून बाबूसिंगची चुलती, म्हातारी नीलाबाई, बसल्या जागेवरून बोलली. "समद्या तांड्याला म्हाईत हाय, बाबूसिंग. लेकराचं रडनं काय आमाला ऐकू येत न्हाई व्हय? तू बोलत नव्हता, म्हनून आमी बी बोललो न्हाई."

"मग कडी कोन काढतं?" सपनाने विचारलं.

"माझ्यानं व्हत न्हाई," बाबूसिंग म्हणाला.

नीलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल पोरी, तू चल माझ्यासंगं."

सपना चप्पल घालून तिच्यामागे निघाली. काही बाया निघाल्या, मग गडीमाणसंही निघाली, त्यांच्यामागे शेषरावही. आभाराचं भाषण राहिलंच. मैदानात बाबूसिंग आणि मी उरलो. त्याचा श्वास माझ्यात शिरत होता आणि गावभर ऐकू जात होता. बऱ्याच वेळाने तो उठला आणि तांड्याच्या वाटेला लागला. मग शेषरावांनी परत येऊन मला बंद केलं.

पेमा आता नीलाबाईकडे राहतं, असं पुढे शेषराव दुकानात कोणाला तरी सांगत होते. बाबूसिंग रोज तिथे जाऊन दारात बसतो. बोलत नाही, पण जातो. सपना अजून गावोगाव बोलते. आता दुकानात बिनवायरीचे माईक आले आहेत, ती तेच नेते. मला कोणी पेटीतून काढत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, असं म्हणवत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असंही मी म्हणणार नाही. तुमच्या शेजारच्या बंद दारामागून कोणाचं रडणं येत असेल, तर सभेची आणि माईकची वाट बघू नका. माझ्यासारख्या वस्तूला सगळं ऐकू येतं, पण उठता येत नाही. तुम्हाला उठता येतं.