चौदाव्या पानावरची गोळी

मी एक जुनी पुस्तिका आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे वयाने. अंगाने अगदी कोरी. माझं एकही पान दुमडलेलं नाही आणि याचीच मला लाज वाटते.

आपल्या देशाने जगाला लेखी वचन दिलं होतं, की आमचे खेळाडू उत्तेजक औषधं घेणार नाहीत आणि कोणती औषधं चालत नाहीत ते आम्ही त्यांना समजावून सांगू. त्या वचनापोटी माझा जन्म झाला. एका निवृत्त औषधविक्रेत्याने वर्षभर खपून बंदी असलेल्या औषधांची परकी यादी सोप्या भाषेत आणली. चौदाव्या पानावर, सर्दीच्या औषधांच्या नावांच्या वर, त्यांनी ठळक छापायला लावलं, 'सर्दीची साधी गोळीसुद्धा विचारून घ्या.' आम्ही पाच हजार बहिणी छापून निघालो. क्रीडा कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी मला हातात घेतलं आणि म्हणाले, "वा! कागद झकास आहे." वाचलं मात्र नाही.

मग आमचे गठ्ठे कोठीत गेले. प्रकाशनाचा समारंभ झाल्याशिवाय वाटप करायचं नाही, अशी तिथली रीत. पाहुण्यांची तारीख काही मिळेना. तोवर परदेशी अहवाल गेला, 'पाच हजार पुस्तिका छापल्या.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शाबासकीचं पत्र आलं, ते साहेबांनी चौकट करून भिंतीवर लावलं.

चौथ्या वर्षी आमच्या गठ्ठ्याची सुतळी सुटली. मला वाटलं, आली बाई एकदाची वेळ! पण मला नेलं ते चौकशीच्या खोलीत. समोर एक धावपटू मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. शेजारी तिची आई, शिवणकाम करणारी. निवड स्पर्धेच्या दिवशी सकाळी लेकीचं नाक चोंदलं, म्हणून आईनेच दुकानातून गोळी आणून दिली होती. भिंगरी पहिली आली आणि तपासणीत त्या गोळीतलं बंदी असलेलं औषध सापडलं.

साहेबांनी मला टेबलावर आपटलं. "हे बघा, चौदावं पान. आम्ही सगळं छापलंय."

"छापलंत हो," आई म्हणाली, "पण दिलंत कुणाला?"

"माहीत नव्हतं, ही सबब नियमात बसत नाही, बाई."

"आणि तुम्ही सांगितलंच नाहीत, ते बसतं का?"

साहेब पाणी प्यायले.

"आई, राहू दे ना गं," भिंगरी पुटपुटली. "तू काय मुद्दाम दिलीस?"

दोन वर्षांची बंदी लागली.

निघताना आईने मला मागितलं. "हिच्याबरोबर अजून अकरा पोरी पळतात. त्यांना दाखवते."

"प्रकाशन व्हायचंय अजून. बाहेर नेता येणार नाही."

ती भांडली नाही. पिशवीतून मापं लिहायची वही काढून उभ्याउभ्याच चौदावं पान उतरवू लागली. कंबर, छाती, बाही, आणि त्याखाली औषधांची नावं. शिपायाने पंखा बंद केला.

"आटपा ताई, कुलूप लावायचंय."

"तीनच ओळी राहिल्यात, दादा."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला बरबटलेल्या हातांनी उघडा, कोपरे दुमडा, फाटेपर्यंत एकमेकांना द्या. मला फार जपलं गेलं. म्हणून तर त्या पोरीच्या उपयोगी न पडता, तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मी अशी कोरी करकरीत हजर झाले.