दोरा तुटला

माझ्या भाचीला सगळे खडी म्हणतात. लहानपणी घसा बसला तो बसलाच, आवाजात कायमची खडी राहिली. गाण्याच्या बाईंनी तिला वर्गातून परत पाठवलं होतं. पुढे त्याच आवाजात ती रॅप करायला लागली.

सहा वर्षं ती कार्यक्रम करत होती. आयोजक तिला सगळ्यात आधी उभं करायचे, खुर्च्या मांडायचं काम चालू असतानाच. दिवसा कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. त्यावरच तिनं गाणं लिहिलं आणि ते माझ्या शिवणाच्या दुकानात, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. माझ्या मशीनच्या पट्ट्याला जोड आहे, चाक फिरलं की टक्‌ वाजतो. ती म्हणाली, "मावशी, तू नुसती शिवत राहा. हाच माझा ताल."

मी शिवत राहिले. मध्येच माझ्या तोंडून गेलं, "अगं, दोरा तुटला!" तिनं तेही गाण्यात ठेवलं.

तिनं गाणं इंटरनेटवर टाकलं आणि कारखान्यातल्या बायकांनी ते डोक्यावर घेतलं. चार महिन्यांत ते कुठल्या कुठे पोचलं. आणि एका सकाळी तिथून नाहीसं झालं. त्याच्या जागी सूचना: हे गाणं एका संगीत कंपनीच्या मालकीचं आहे, तुम्ही नक्कल केली आहे.

त्या कंपनीच्या नामांकित गायकाचं नवं गाणं आम्ही लावलं. सुरुवातीलाच टक्‌, टक्‌. मग माझा आवाज: "अगं, दोरा तुटला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

खडीनं तीन वेळा तक्रार भरली. तिन्ही वेळा तेच ठोकळेबाज उत्तर आलं. मग मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघी कंपनीच्या ऑफिसात गेलो.

कायद्याचं बघणारा साहेब गोड बोलत होता. "ताई, असे आवाज कुणालाही सुचतात. आमच्या टीमनं स्टुडिओत तयार केलंय."

"बाईचा आवाजही स्टुडिओत तयार केलात?" मी विचारलं.

"हो, एका कलाकार मुलीकडून करून घेतला."

मी उभी राहिले आणि दुकानात ओरडते तशी ओरडले, "अगं, दोरा तुटला!" दाराशी बसलेली मुलगी फसकन हसली आणि लगेच कॉम्प्युटरमागे लपली. साहेबाचा चेहरा उतरला.

थोड्या वेळानं तो कागद घेऊन आला. आभाराच्या यादीत खडीचं नाव, गायकाच्या पुढच्या कार्यक्रमात दहा मिनिटं. अट एकच: ताल आणि आवाज तिनं आपखुशीनं दिला, असं लिहून द्यायचं.

मोठ्या मंचावरची दहा मिनिटं! सहा वर्षांत तिला कुणी दिली नव्हती. तिनं कागद दोनदा वाचला. निर्णय तिचा होता.

"मी दिलं नाही," ती म्हणाली, "तुम्ही घेतलंत. तसं लिहा, आत्ता सही करते."

साहेबानं कागद उचलून घेतला.

आठ दिवसांनी तिचं गाणं मुकाट्यानं परत दिसू लागलं. माफीचा एक शब्द नाही. त्यांच्या गाण्यातून माझा आवाज तेवढा कापलाय, ताल तसाच आहे. खडीनं वकील केलाय. कारखान्यातल्या अकरा बायकांनी, हे गाणं आम्ही आधी ऐकलं होतं, असं सहीनिशी लिहून दिलंय. वकील म्हणतो, वर्षं जातील. खडी म्हणाली, "जाऊ देत." आता ती कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटताना गाते. तिथं तिच्याआधी कुणी नसतं आणि नंतरही कुणी नसतं.

काल एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं. त्याचा फोन वाजला, त्यावर तेच चोरीचं गाणं. मी पँट परत त्याच्या हातात दिली.

"काय झालं, मावशी?"

"बस," म्हटलं, "पहिल्यापासून सांगते."