रिगोच्या गळ्याची लाट

चिपला येतं तरी काय? चालू आणि बंद! मधलं काही हवं असेल तर तिला झपझप उघडझाप करायला लावायची आणि पुढे एक रेझिस्टर, एक कपॅसिटर जोडून त्या उघडझापीची गुळगुळीत लाट करून घ्यायची. सांता क्लाराच्या तंत्रशाळेत हे मी पोरांना घसा फोडून शिकवते. आणि आज माझ्याच स्वयंपाकघरात ती लाट माझं ऐकेना.

लाट हवी होती रिगोसाठी, माझ्या नवऱ्यासाठी. कॅन्सरमुळे त्याची स्वरपेटीच काढून टाकली. गळ्याला लावायचं यंत्र मी घरीच बनवलं. चकती थरथरते, ओठ हलवले की शब्द उमटतात. गेल्या रविवारी माद्रिदहून मुलीचा फोन आला तेव्हा ते असं किंचाळलं, की आमची नात यानेलिस रडायलाच लागली. तेव्हापासून रिगोनं त्याला हात लावला नव्हता. आता पुन्हा फोन यायची वेळ झाली होती.

मी प्रोग्रॅम बदलला, आकडे बदलले, तरी ती कर्कश शिट्टी जाईना. डोक्याचा नुसता भुगा झाला.

"असा बघत काय बसलास? बोल ना काहीतरी!" मी रिगोवर खेकसले, आणि जीभ चावली. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

शेजारची सोराइदा गॅलरीतून ओरडली, "अगं नेरेइदा, डुक्कर कापतेयस का काय?"

"तुझ्या टीव्हीतला कपॅसिटर लावलाय, तरी ही गत!"

"मग मारणारच शिट्ट्या! माझा टीव्ही शेवटी शेवटी हेच करायचा."

"गप गं! सोव्हिएत माल आहे तो, कधी मरत नाही."

तिला खोटं पाडायला म्हणून मी तो काढून मोजला. आतून पार सुकलेला, निकामी! इतका वेळ मी बिचाऱ्या चिपला शिव्या घालत होते. चडफडत जुन्या पंख्यातला बेढब कपॅसिटर जोडला. शिट्टी गेली, जाडसर घरघर उरली.

फोन वाजला. मी स्पीकर चालू केला आणि यंत्र रिगोच्या हातात कोंबलं.

"यानेलिस," तो म्हणाला. "मी आजोबा."

पलीकडून पोरगी म्हणाली, "खोटं. आजोबांचा आवाज असा नाहीये."

रिगोचा हात खाली आला. मला ते यंत्र भिंतीवर आपटावंसं वाटलं. मग त्यानंच ते पुन्हा गळ्याला टेकवलं.

"आता असाच आहे, बाळा."

"नेहमी?"

"नेहमी."

"बरं," ती म्हणाली. "मग मला हाक मारा ना परत."