रेडिएटरमधलं लोणी

मांजरसुंब्याच्या चौकात सकाळपासून गाड्या तुंबल्या होत्या. ढाब्यासमोर धुळाजीचा ट्रक उभा होता आणि त्याच्या रेडिएटरमधून लोणी निघत होतं. पांढरट, घट्ट, फेसाळ. नारायणगडाला दर्शनासाठी निघालेली माणसं जीप थांबवून उतरत, चपला काढत आणि ट्रकच्या जाळीला हळदकुंकू लावत.

घाट चढताना गाडी तापली म्हणून धुळाजीनं ती इथं लावली होती. निवल्यावर झाकण उघडलं, तर आत ही मलई. तो चक्रावून बघत असतानाच ढाब्यामागच्या झोपडीतले गोपाळनाथ महाराज पुढे आले. "लोखंडाच्या पोटी लोणी आलंय. कन्हैया बसलाय गाडीत. इंजिन खोलशील तर भस्म होशील," असं म्हणून त्यांनी चमचा मागवला.

"गोड हाय," पहिला भक्त जीभ फिरवत म्हणाला. झालं. गोड आहे म्हणजे देवाचंच. रांग लागली, ताटात नोटा पडू लागल्या. तेलाचा वास सगळ्यांनाच येत होता, पण नाक कुणी वापरलं नाही.

चंद्रभागाबाई नातीला, शिवकन्येला, घेऊन आल्या होत्या. पोर तोतरं बोलायची. आजीनं तिची मान धरली आणि महाराजांनी तिला वाटीभर लोणी चारलं. "वाचा फुटंल," म्हणाले.

तासाभरात पोरीचा तोल जाऊ लागला. ती ओकली. होते तेवढे शब्दही जड झाले.

"अंगात आलाय कन्हैया. हात लावू नका," महाराजांनी फर्मावलं. आणि एका आजारी लेकराभोवती शहाणीसुरती माणसं हात जोडून उभी राहिली.

तेवढ्यात नेकनूरची बस थांबली आणि ऋतुजा उतरली. बीडच्या आयटीआयमध्ये ती डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवते. तिनं रेडिएटरमध्ये बोट बुडवलं, वास घेतला आणि थेट शिवकन्येकडे गेली.

"आजी, हिला काय दिलंय?"

"परसाद दिला, माय. लोणी."

"हे लोणी नाही. इंजिनाचं ऑइल कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, मिसळलंय. कूलंट चवीला गोड लागतं, पण विष असतं. किडन्या निकामी करतं. हिला आत्ताच्या आत्ता बीडला न्यायला हवं."

"बाई, देवाची परीक्षा घेती का?" महाराज गरजले.

"देवाची नाही, तुमची. ही वाटी घ्या. खा सगळ्यांसमोर."

"आमचा उपवास हाय."

"लोण्याचा?"

गर्दीतलं कुणीतरी हसलं. धुळाजीला मात्र हसू आलं नाही. तो हळूच म्हणाला, "महाराज, झाकण उघडल्यावर तुमी मला पहिलं काय इचारलंत? यात कूलंट टाकलंय का नुसतं पाणी, हेच इचारलंत. कावून इचारलंत? गोड लागंल का ते बघाया?"

महाराज झोपडीकडे वळले. लोकांनी वाट अडवली. चंद्रभागाबाईंनी नातीला उचललं आणि एका जीपवाल्यानं गाडी बीडच्या दिशेनं पिटाळली. ज्यांनी ज्यांनी चाटलं होतं, त्यांनाही ऋतुजानं मागोमाग दवाखान्यात धाडलं.

शिवकन्येच्या किडन्यांवर परिणाम झाला होता. डायलिसिस करावं लागलं. चंद्रभागाबाई दाराशी बसून एकच बोलत होत्या, "मीच धरली तिची मान." पोर वाचली. महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

मतीन मिस्त्रीनं ट्रक खोलला तेव्हा ऋतुजानं धुळाजीला जवळ बोलावलं. इंजिनाचं ऑइल निववणाऱ्या ऑइल कूलरला आतून भोक पडलं होतं. ऑइलचा दाब जास्त, म्हणून ते कूलंटमध्ये घुसलं आणि घुसळून पांढरं झालं.

"भोक पडलं कशानं?" धुळाजीनं विचारलं.

"तुम्ही काय भरत होता?"

"कदी हिरवं कूलंट, कदी लाल. कमी पडलं की बोअरचं पाणी."

"क्षाराच्या पाण्यानं आत खपली धरते, गंज चढतो. वेगवेगळी कूलंट एकत्र केली की त्यांतला गंज रोखणारा भाग निकामी होतो. रंग बघून घ्यायचं नाही. कंपनीनं सांगितलंय तेच घ्यायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं आणि वेळेवर बदलायचं."

लोण्याचं रहस्य ते एवढंच. त्यात कन्हैया नव्हता. होती एका गाडीची आबाळ आणि एका लबाडाची संधी. त्यापायी एक लेकरू मरणाच्या दारात जाऊन आलं. म्हणून सांगतो, जे समजत नाही ते देवाचं ठरवून हात जोडू नका. ज्याला कळतं त्याला विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो फक्त भोंदू.