शिडीवरची आजी

नारायणगावच्या पेठेत इंदरचंद शेठचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. श्रावणातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर प्राची त्या दुकानात शिरली, ती दिवेलागणीलाच बाहेर पडली.

प्राची मूळची लोणीची. वारूळवाडीच्या पलीकडे, पाटाच्या कडेला एक छोटी शाळा आहे, तिथं ती दुसरीचा वर्ग शिकवायची. त्या वर्षी शाळेला गोष्टींच्या पुस्तकांसाठी पैसे आले होते. मुख्याध्यापक सयाजी सर म्हणाले होते, "एक संच मागवून टाकू. डोक्याला ताप नाही."

"नको सर," प्राची म्हणाली. "मी स्वतः बघून आणते."

त्याला कारण होतं. तिच्या वर्गातली पोरं पाठ्यपुस्तक धडाधड वाचायची. एके दिवशी तिनं सहज पानावर तळहात ठेवला, तरी वाचन तसंच पुढं चालू! पोरांना सगळे धडे पाठ होते. शौर्य आणि दोन-तीन जण सोडले तर वाचत कुणीच नव्हतं. तेव्हा तिला अशी पुस्तकं हवी होती, जी कुणाला पाठ नाहीत आणि उघडल्यावर मिटवत नाहीत.

दुकानात ती स्टुलावर बसली आणि एकेक पुस्तक हलक्या आवाजात वाचायला लागली. वाचताना जीभ अडखळली की पुस्तक डावीकडे. अक्षरं मुंगीएवढी असली की डावीकडे. शेवटच्या पानावर 'म्हणून मुलांनो' आलं की तेही डावीकडे. उजवीकडचा ढीग काही वाढेना.

शेठच्या बायको कंचनबाई गल्ल्यापाशी बसून हे बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनीही एक पुस्तक उचललं, मग दुसरं. मग चष्मा लावून त्या मोठ्यानं वाचायला लागल्या.

"ही मांजर बघा किती गोड आहे," त्या म्हणाल्या, "पण शेवटी हिला उपदेश कशाला करायला लावला? ठेवा डावीकडं."

"अगं कंचन," आतून शेठ ओरडले, "आलेखवह्या मागतायत, गिऱ्हाईक थांबलंय!"

"थांबू दे. इथं उंदीर बिळात अडकलाय."

चहा दोनदा झाला. उजवीकडचा ढीग पिशवी भरण्याइतका झाला, तेव्हा कंचनबाईंनी मागच्या फळीवरून एक पातळ पुस्तक काढलं आणि पिशवीत सारलं. "हे माझ्याकडून. आमची डिंपल लहान होती ना, तिला झोपताना रोज हेच लागायचं. पोरांना आवडेल बघा."

परतीच्या वाटेवर रिक्षात प्राचीनं ते पुस्तक उघडलं. 'आजीचे लाल टोमॅटो.' पहिल्याच पानावर आंब्याच्या झाडाएवढं उंच झाड, त्याला लटकलेले टोमॅटो, आणि शिडीवर चढलेली चष्म्यातली आजी. प्राचीनं कपाळाला हात लावला. हे पुस्तक ज्यानं केलं त्यानं टोमॅटो फक्त ताटात बघितला असणार. आणि ही पोरं तर टोमॅटोच्या वावरातच लहानाची मोठी झालेली. कंचनबाईंचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून तिनं पुस्तक परत केलं नाही. पण सोमवारी शाळेत गेल्यावर ते कपाटात, हजेरीपटाच्या खाली ठेवून दिलं.

बाकीची पुस्तकं तिनं वर्गात दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून टांगली. सयाजी सरांची एकच अट होती, पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायचे. पोरांनी नळावर इतकी गर्दी केली, की धुतलेल्यापेक्षा भिजलेलीच जास्त झाली. मग ज्याला जे आवडेल ते त्यानं काढायचं. कुणी पोट धरून हसत होतं, कुणी नुसतीच चित्रं बघत होतं, कुणी शौर्यला "वाचून दाव ना" म्हणून मागं लागलं होतं.

फक्त हर्षाली पुस्तक काढत नव्हती.

हर्षाली वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी. तिच्या आजोबांचं, चांगदेवबाबांचं, शाळेजवळच टोमॅटोचं वावर होतं. औषध कधी मारायचं, बाजार कुठं पडला, कुणाची मोटर जळाली, सगळं हिला ठाऊक. पण वाचायची वेळ आली की हिला तहान लागायची, नाहीतर पेन्सिल हरवायची. अक्षरं ती ओळखायची. त्यांना एकमेकांशी जोडायचं म्हटलं की घाबरायची. हे कुणाला कळू नये म्हणून ती बोलत राहायची. प्राचीला ते कळलं होतं. पण चारचौघांत ती हर्षालीला कधी उभं करत नसे.

बुधवारी प्राचीनं तिला कपाटातून खडूची पेटी आणायला पाठवलं. पेटी आलीच नाही. कपाटापाशी उभी राहून हर्षाली जोरात ओरडली, "बाई! ही म्हातारी येडी झालीया का?"

तिच्या हातात ते पातळ पुस्तक होतं.

सगळा वर्ग कपाटाकडं धावला. "टमाट्याला शिडी!" हर्षाली चित्रावर बोट आपटत होती. "टमाट्याला बांबू असतो, तार असती, सुतळीनं बांधायचं असतं. शिडी कशाला? लई तर माझ्या डोक्याएवढं व्हतं ते!"

"पुस्तकात आहे म्हणजे खरं असणार," शौर्य म्हणाला. तो गावातल्या मेडिकल दुकानदाराचा मुलगा. पुस्तकावर त्याचा फार विश्वास.

"कुठं लिवलंय? दाव."

शौर्यनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्याच्या डोळ्यांत खोडी चमकली. "हे बघ. इथं लिहिलंय, हर्षालीला टोमॅटोतलं काही कळत नाही."

वर्ग खो-खो हसला. हर्षालीचा चेहरा लाल झाला. तिनं पुस्तक हिसकावलं आणि ओळीकडं बघत राहिली. खरं की खोटं, सांगणार कोण? क्षणभर प्राचीला वाटलं, आपण मध्ये पडावं, शौर्यला दटावावं, ओळ वाचून टाकावी. पण हर्षाली पहिल्यांदाच एखाद्या ओळीकडं इतका वेळ बघत होती. प्राचीनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत हर्षाली नव्हती. ती वर्गातच भिंतीला टेकून बसली होती. पुस्तक मांडीवर होतं.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "खरंच यात माझं नाव हाय का?"

प्राची तिच्याशेजारी खाली बसली. "तूच बघ ना. तुझं नाव कशानं सुरू होतं?"

"ह नं."

"मग ह सापडतो का बघ."

हर्षालीचं बोट ओळीवरून सरकायला लागलं. आ. जी. च्या. बा. गे. त. पुढं झाडाचं नाव, मग आणखी अक्षरं. आणि अगदी शेवटी बोट थबकलं. "हाय! ह हाय बाई!" तिचा आवाज रडवेला झाला.

"आहे खरा. पण ह वर काय आहे? आणि त्याच्या आधी?"

"ह वर मात्रा. हे. आधी आ." ती थांबली. "आ. हे. आ...हे." मग एकदम मान वर झाली. "आहे! बाई, हे तर 'आहे' हाय!"

"हो."

"आहे म्हणजे आपलं हाय ना?"

"तेच."

"मग सरळ 'हाय' लिवायचं की! मी किती घाबरले." ती पुन्हा मागं गेली, आता भरभर. "आजी...च्या. बागे...त. टमाट्याचं... झाड... आहे."

पुस्तकात टोमॅटो होतं. प्राचीनं ते टमाटंच राहू दिलं.

पुढच्याच क्षणी हर्षाली दारात उभी होती आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "शौऱ्या, खोटारड्या! यात माझं नाव न्हाई! आजीच्या बागेत टमाट्याचं झाड आहे, एवढंच लिवलंय!"

शौर्य हातातली ताटली घेऊन तसाच उभा राहिला. मग हसला. "वाचलंस?"

"वाचलं! आन ते बी चुकीचंच लिवलंय!"

त्या दिवशी गणिताचा तास झालाच नाही. हर्षालीला पुढच्या पानावरच्या चुका धरायच्या होत्या, आणि चूक धरायची तर आधी ओळ वाचायला लागत होती. एकेका अक्षराला ती दमात घेत होती. अडली की वर्ग सांगायला उठायचा आणि ती हात वर करून सगळ्यांना थोपवायची. "गप रे! मीच वाचणार."

"आजीनं... झाड... हलवलं," तिनं वाचलं.

"हलवलं?" मागच्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं. "जांभळं हायेत का ती?"

पान उलटलं. "टमाटे... खाली... पडले. आजीनं... ते..." इथं जोडाक्षर आलं. हर्षालीनं ओठ दाबले, दोनदा मागं गेली. "...पोत्यात भरले."

मग सगळा वर्ग एकदमच फुटला. पोरं बाकांवर हात आपटत होती. "पोत्यात! बाई, पोत्यात! घरी जाईस्तोवर सॉस व्हईल त्याचा!" हर्षाली तर हसता हसता खालीच बसली.

गोंधळ ऐकून सयाजी सर आले. "काय चाललंय?"

"सर, हे वाचा," म्हणून हर्षालीनं पान त्यांच्यापुढं धरलं. मग लगेच मागं घेतलं. "नको, मीच वाचते."

तिनं वाचलं. सयाजी सरांच्या घरचीही टोमॅटोचीच शेती. त्यांनी कडक चेहरा ठेवायचा प्रयत्न केला, पण 'पोत्यात' म्हटल्यावर त्यांचंही हसू सुटलं. हसून डोळे पुसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वाचणारी पोरगी कोण आहे. त्यांनी प्राचीकडं बघितलं. प्राचीनं नुसती मान हलवली.

त्या आठवड्यात दोरीवरच्या बाकीच्या पुस्तकांचीही धडगत राहिली नाही. पोरं चुका शोधत सुटली. कोंबडीला पायाची बोटं किती काढलीत, बैलगाडीचं जू कुठं बसवलंय, सगळं तपासून निघालं. जिथं चूक सापडली नाही, तिथं गोष्टच पूर्ण वाचून झाली. शौर्य आणि हर्षाली आता एकत्र बसायचे. तो अडलेलं जोडाक्षर सांगायचा, ती बैलगाडीचं बरोबर की चूक ते सांगायची.

पुढच्या शनिवारी प्राची मुद्दाम दुकानात गेली. सगळं ऐकून कंचनबाई आधी ओशाळल्या. "अगोबाई! म्हणजे मी चुकीचं पुस्तक दिलं? आम्ही आपला टोमॅटो क्रेटमध्ये बघितलेला, झाडाला कोण बघायला जातंय!"

"काकू, अशी आणखी असतील तर द्या."

"चुकीची?"

"चुकीची."

कंचनबाई इतक्या हसल्या की शेठ बाहेर आले. "अहो, चुकीची पुस्तकं मागणारं गिऱ्हाईक बघा!" असं म्हणत त्या मागच्या फळीकडं वळल्यासुद्धा.

हर्षालीला ते पुस्तक घरी न्यायचं होतं. पुस्तक शाळेबाहेर जायचं नाही, हा सरांचा नियम. प्राची विचारायला गेली.

"फाटलं तर?" सर म्हणाले.

"चिकटवू, सर."

सर हसले. "ठीक आहे. पण तिला म्हणावं, सगळ्यांना वाचून दाखवायचं. एकटीनं नाही."

रविवारी चांगदेवबाबांच्या वावरात तोडणी होती. "बाई, तुमी पण या," असं हर्षालीनं चारदा सांगितलं होतं, म्हणून प्राचीही गेली. बांबूंच्या रांगांमधून बायका वाकून टोमॅटो तोडत होत्या. चहाच्या वेळी सगळ्या बांधावर येऊन बसल्या. हर्षालीची आजी ठमाबाई मधोमध बसली होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, हात हिरवेकाळे झालेले.

हर्षाली पाटात हात धुऊन आली आणि उभी राहून वाचायला लागली. शिडीचं चित्र दाखवलं तसा बायकांत हशा पिकला. झाड हलवलं तेव्हा कुणाच्या तरी बशीतला चहा सांडला. आणि पोतं आलं तेव्हा ठमाबाई उठूनच उभी राहिली.

"कोण ही बया? तिला म्हणावं एक दिस तोडायला ये माझ्याकडं! पोत्यात भरतीया!"

"आजे, ऐक की, अजून संपलं न्हाई."

शेवटचं पान राहिलं होतं. ते हर्षालीनं वर्गात कधीच वाचलं नव्हतं; पोत्याच्या पुढं वर्ग कधी गेलाच नव्हता. ओळ लांब होती. ती अडली. प्राचीच्या ओठांवर शब्द आला होता, पण तिनं तो आवरला. बायकांनी बश्या खाली ठेवल्या. पोरगी एकेक अक्षर लावत होती आणि ठमाबाईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"संध्या...काळी... आजीनं... सगळ्यांना... गरम... गरम... सार... दिलं."

"कसलं सार?"

"टमाट्याचं. भाताबरोबर."

ठमाबाईनं मान डोलावली. मग खाली बसून म्हणाली, "हे मातुर बराबर हाय. पुन्यांदा वाच, पहिल्यापासून."

तेवढ्यात बांधापाशी पिकअप येऊन थांबली. गेणभाऊ ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी उठेना. त्यानं पुन्हा दिला, मग उतरून आला. "काय राव, बाजार गाठायचा हाय का न्हाई? काय चाललंय हितं?"

"गप बस," ठमाबाईनं एक रिकामा क्रेट उलटा करून त्याच्याकडं ढकलला. "नात वाचतीया."

गेणभाऊ क्रेटवर बसला. हर्षालीनं घसा खाकरला आणि पहिलं पान उघडलं.